शंभर गायी आणि एक वळू: लाल कंधारीच्या जोपासनेचे गणित

प्रश्न थोडक्यात असा आहे. नांदेड जिल्ह्यातील कंधार-लोहा पट्ट्यातल्या पाच गावांच्या काही शेतकऱ्यांनी एकत्र येऊन लाल कंधारी गोवंश जपायचे ठरवले आहे. सर्वांच्या मिळून शंभरच्या आसपास गायी आहेत आणि प्रदर्शनात बक्षीस मिळवलेला एक देखणा वळू त्यांनी सामाईक सांभाळला आहे. एवढ्यावर जात टिकेल का, गायींची संख्या आणखी वाढवावी का, आणि दूध वाढावे म्हणून काही गायींना गुजरातच्या गीर जातीच्या रेतमात्रा (कृत्रिम रेतनासाठीचे वळूचे रेत) दिल्या तर, गीरही देशीच असल्यामुळे, काय बिघडते, असे त्यांनी विचारले आहे.

एका वळूवर ही जात टिकणार नाही. गायींची संख्या ही तुमची अडचण नाही. गीरचा वापर जातीच्या नोंदीतल्या गायींवर केला, तर जातीच्या दृष्टीने तो जर्सीच्या वापराइतकाच घातक आहे. ही उत्तरे कठोर वाटतील, पण त्यामागचे गणित एकदा समजले की पुढचे बहुतेक निर्णय तुम्हांला स्वतःच घेता येतील, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

पैदासशास्त्रात कळपाचे मोजमाप दावणीला बांधलेल्या जनावरांच्या संख्येवर होत नाही, तर प्रभावी पैदाससंख्येवर होते. पैदाशीतले नर आणि माद्या यांच्या संख्यांचा गुणाकार करून त्याची चौपट करायची आणि तिला दोन्ही संख्यांच्या बेरजेने भागायचे, म्हणजे ही प्रभावी संख्या मिळते. तुमच्या १०० गायी आणि १ वळू या हिशेबात जेमतेम ४ भरतात. याचा अर्थ असा, की आनुवंशिक विविधता गमावण्याच्या वेगाच्या दृष्टीने तुमचा कळप दोन नर आणि दोन माद्या एवढाच आहे. प्रभावी संख्येच्या दुपटीने १ ला भागले की दर पिढीला अंतःप्रजनन, म्हणजे रक्ताच्या नात्यातल्या जनावरांची आपसांतली पैदास, किती वाढेल ते कळते. तुमच्या बाबतीत ते १२.५ टक्के येते. आता गायी १०० ऐवजी १००० केल्या आणि वळू एकच ठेवला, तर प्रभावी संख्या किती होते? अजूनही ४ च्या आतच. चारा, पाणी आणि मनुष्यबळ दहापट लागते आणि विविधतेच्या खात्यात जवळपास काहीच जमा होत नाही.

याउलट गायी तेवढ्याच ठेवून वळू ५ केले, तर प्रभावी संख्या १९ होते आणि अंतःप्रजननाचा वेग २.६ टक्क्यांवर येतो. १० वळूंना ती ३६ होते, २५ वळूंना ८०. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने प्रभावी संख्या किमान ५० असावी, म्हणजे अंतःप्रजनन दर पिढीला १ टक्क्यापेक्षा जास्त वाढू नये, असा दंडक घातला आहे. जातीची जोखीम ठरवतानाही ही संघटना नरांची संख्या वेगळी पाहते, आणि तिच्या रूढ वर्गवारीत पैदाशीचे नर पाच किंवा त्याहून कमी उरलेली जात, माद्या कितीही असल्या तरी, अत्यंत धोक्यातील मानली जाते. आपल्याकडे मात्र गोवंशाची चर्चा गायीपाशी सुरू होते आणि गायीपाशीच संपते.

अंतःप्रजनन वाढल्याने नेमके काय होते, हेही सांगितले पाहिजे, कारण त्याचा परिणाम पहिल्या पिढीत दिसत नाही आणि त्यामुळे कोणाचा विश्वास बसत नाही. प्रत्येक जनावरात काही सदोष जनुके सुप्त स्थितीत असतात. आई आणि बाप या दोघांकडून तेच सदोष जनुक आले, तरच दोष प्रकट होतो. तुमच्या वळूच्या मुली तीन-चार वर्षांत माजावर येतील आणि वळू तोच असेल, तर बाप-लेकीच्या त्या मिलनातून होणाऱ्या वासराचे अंतःप्रजनन २५ टक्के असेल. अशा वासरांमध्ये मर वाढते, कालवडी उशिरा माजावर येतात, गायी वारंवार उलटतात, म्हणजे गाभ न धरता पुन्हा माजावर येतात. पशुपालक याचा दोष चाऱ्याला, हवामानाला किंवा रेतन करणाऱ्याला देतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण एखाद्या आडगावचे नसून जगातल्या सर्वांत यशस्वी दुधाळ जातीचे आहे. अमेरिकेत होल्स्टीन गायी लाखोंच्या संख्येने आहेत, पण तिथल्या कृत्रिम रेतनातले जवळपास सर्व वळू नराच्या बाजूने १९६० च्या दशकात जन्मलेल्या दोनच वळूंपर्यंत जाऊन पोहोचतात. त्यांतला एक ‘चीफ’ नावाचा वळू दुधासाठी अद्वितीय होता, म्हणूनच त्याचे रेत जगभर वापरले गेले. त्याच्यात एक सदोष जनुक होते, जे दोन्ही बाजूंनी आल्यास गर्भ पोटातच मरतो. हा दोष ओळखू येईपर्यंत काही दशके गेली आणि त्यामुळे जगभरात सुमारे पाच लाख गर्भपात झाले असावेत, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. वळू वाईट नव्हता. त्याला सर्वत्र वापरणे वाईट होते. तुमच्या बक्षीसपात्र वळूबद्दल माझे म्हणणे हेच आहे: त्याला काढू नका, पण त्याला त्याच्या वाट्यापेक्षा जास्त गायी देऊ नका.

आता गीरकडे वळतो, कारण हा मुद्दा अधिक नाजूक आहे आणि त्यावर चांगल्या हेतूने सर्वाधिक नुकसान होत आहे.

वशिंडाच्या गायी सिंधूच्या परिसरात सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी माणसाळल्या आणि युरोपीय बिनवशिंडाच्या गायींपासून त्यांची वाट त्याच्याही फार आधी वेगळी झालेली होती. त्यानंतर प्रत्येक प्रदेशाने आणि तिथल्या पशुपालकांनी आपापल्या गरजेनुसार आपली जात घडवली. अकोले-इगतपुरीच्या मुसळधार पावसात काम करणाऱ्या डांगीच्या कातडीतून तेलकट स्राव येतो आणि तिचे खूर चिखलात टिकतात. सोलापूर-सांगलीच्या माणदेशात खिल्लार चपळाईसाठी घडला. वर्धा-नागपूरकडची गवळाऊ वेगाने चालण्यासाठी ओळखली गेली. गडचिरोली-चंद्रपूरच्या भातखाचरांतल्या कठाणीला तर जात म्हणून अधिकृत नोंद २०२३ च्या सुरुवातीला मिळाली, म्हणजे तोवर ती सरकारी कागदावर ‘गावठी’ होती. लाल कंधारी ही बालाघाटच्या डोंगररांगांत, कोरड्या माळावर, कडब्यावर आणि चराईवर जगणारी, भरदार बैल देणारी जात आहे. तिचे दूध एका वेताला सरासरी ६०० लिटरच्या आसपास असते. गीरचे सरासरी दोन हजारांच्या घरात जाते. हा फरक पाहून गीरचा मोह होणे स्वाभाविक आहे.

पण पिढ्यान्‌पिढ्या गीरची रेतमात्रा देत गेलात, की पहिल्याच पिढीत निम्मे कंधारी रक्त जाते, दुसऱ्या पिढीत पाऊण, आणि चौथ्या पिढीत ६.२५ टक्केच उरते. बाहेरचे रक्त गुजरातचे आहे की डेन्मार्कचे, याने या हिशेबात काहीही फरक पडत नाही. किंबहुना जर्सीच्या संकराचे वासरू निदान दिसायला वेगळे असते, त्याला कोणी कंधारी म्हणत नाही. गीर आणि लाल कंधारी यांच्या संकराची कालवड मात्र लालच असते, कान लोंबतेच असतात, आणि ती पाहताक्षणी ‘जातिवंत’ म्हणून नोंदवली जाऊ शकते. अशा रीतीने जात नावाने शिल्लक राहते आणि रक्ताने संपते. शिवाय दोन्ही बाजू वशिंडाच्याच असल्यामुळे त्यांच्यात मिळणारा संकरजोम (संकराच्या वासरात दिसणारा जास्तीचा जोम) हा विदेशी संकराच्या तुलनेत कमी असतो, आणि गीरच्या दुधासाठी गीरचा खुराकही लागतो, जो कोरडवाहू गोठ्यात बहुधा नसतो. ‘देशी’ ही एक जात नाही, हे आपल्या योजनांनाही अजून पुरेसे उमगलेले नाही. गावठी गायींचा दर्जा वाढवण्यासाठी गीर आणि साहिवालच्या मात्रा देण्याचे धोरण जिथे खरोखर कोणतीच निश्चित जात नाही तिथे योग्य आहे; पण जातीच्या मूळ क्षेत्रात त्याच मात्रा सर्रास पोहोचतात, तेव्हा त्याला संवर्धन म्हणता येत नाही. गोठ्याबाहेर ‘ए-टू दूध’ असा फलक लावल्यानेही जात वाचत नाही. तो बीटा-केसीन प्रथिनाच्या एका प्रकाराचा प्रश्न आहे आणि आपल्या बहुतेक सर्वच वशिंडाच्या जातींत तो प्रकार मोठ्या प्रमाणात असतो.

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात सुमारे १९.२५ कोटी गोवंश नोंदला गेला. त्यात देशी आणि अवर्णित मिळून १४.२१ कोटी होता आणि आधीच्या गणनेपेक्षा तो ६ टक्क्यांनी घटला होता. विदेशी आणि संकरित गोवंश त्याच काळात सुमारे २७ टक्क्यांनी वाढला. १४ कोटी हा आकडा ऐकून काळजीचे कारण नाही असे वाटते, पण त्यातला फार मोठा भाग कोणत्याही जातीत न बसणाऱ्या जनावरांचा आहे, आणि प्रत्येक जातीत प्रत्यक्ष पैदाशीला वापरले जाणारे, एकमेकांशी नाते नसलेले वळू किती, हे त्यातून कळत नाही.

मात्र कोरडवाहू शेतकऱ्याने ६०० लिटरची गाय केवळ जातीच्या प्रेमापोटी कायम सांभाळावी, अशी अपेक्षा मी करणार नाही. लाल कंधारीची किंमत दुधात कधीच नव्हती, ती बैलात होती, आणि ट्रॅक्टरने ते काम घेतले. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये बैलगाडा शर्यतींना आधार देणारे कायदे वैध ठरवल्यानंतर खिल्लार खोंडांना पुन्हा ग्राहक मिळाला, तसा ग्राहक तुमच्या जातीला नाही. (शर्यतीसाठी फक्त वेगावर निवड होऊ लागली, तर त्याचे दुष्परिणाम खिल्लारलाही भोगावे लागतील, पण तो वेगळा विषय आहे.) म्हणून व्यवहार्य मार्ग असा, की आपल्या गायींचे उघडपणे दोन गट करावेत. जातीची लक्षणे आणि वंशावळ स्पष्ट असलेल्या गायी नोंदवहीत घ्याव्यात आणि त्यांना फक्त लाल कंधारीचाच वळू किंवा रेतमात्रा द्यावी. ज्यांचे मूळ शंकास्पद आहे, त्या गायींना दुधासाठी गीर द्या, संकर करा, हरकत नाही. फक्त त्यांची वासरे नोंदवहीत कधीही शिरता कामा नयेत. शंभरपैकी साठच गायी नोंदवहीत उरल्या तरी चालेल. वर पाहिल्याप्रमाणे चाळीस गायी गमावल्याने फारसे नुकसान होत नाही, चार वळू गमावल्याने होते.

मग वळू किती आणि कुठून आणायचे? पाच गावांत प्रत्येकी दोन, असे एकूण दहा वळू हे माझ्या मते तुमच्यासाठी योग्य उद्दिष्ट आहे. दहा वळूंना प्रभावी संख्या ३६ येते हे वर सांगितले, पण एक शिस्त पाळली तर तीच संख्या ५० च्या पुढे नेता येते. ती शिस्त अशी: प्रत्येक वळूची जागा त्याच्याच एका मुलाने घ्यावी, आणि प्रत्येक गायीची जागा शक्यतो तिच्याच एका कालवडीने. असे केले की कोणताही एक वळू पुढच्या पिढीवर वर्चस्व गाजवत नाही आणि कोणाचाही वंश अकारण खुंटत नाही. दुधाच्या किंवा बांध्याच्या निवडीला यात पूर्ण वाव आहे, कारण एका वळूच्या अनेक मुलांमधून सर्वोत्तम निवडता येतो. फक्त निवड प्रत्येक कुटुंबाच्या आत करायची, सगळे मुलगे एकाच वळूचे घ्यायचे नाहीत.

याला जोड म्हणून गावागावांत वळूंचा फेरा ठरवून घ्या. पहिल्या गावात जन्मलेला गोऱ्हा वयात आल्यावर दुसऱ्या गावाचा वळू होईल, दुसऱ्याचा तिसऱ्याचा, आणि पाचव्याचा पहिल्याचा. कालवडी मात्र जन्मगावीच राहतील. हा क्रम एकदा लिहून ठेवला की कोणता वळू कोणाचा कोण लागतो याचा किचकट हिशेब न करताही बाप-लेक आणि भाऊ-बहीण यांची गाठ टळते. वळू एका गावात साधारण तीन वर्षांपेक्षा जास्त राहू नये, कारण त्यानंतर त्याच्या मुली माजावर येऊ लागतात. पहिले वळू निवडताना ते एकाच प्रसिद्ध गोठ्यातून घेण्याचा मोह टाळा. मुखेड, अहमदपूर, उदगीर भागातल्या वेगवेगळ्या पशुपालकांकडून, आईची खात्री करून, ते घ्यावेत. उदगीर हे देवणी या दुसऱ्या जातीचेही घर आहे, त्यामुळे तिकडून घेताना देवणीचा अंश नाही ना, हे नीट तपासावे. दहा वळू पोसणे जमत नसेल तर काहींची जागा गोठीत रेतमात्रांनी भरता येते, पण मात्रा घेताना केवळ ‘लाल कंधारी’ हे नाव पाहू नका, प्रत्येक कांडीवरचा (रेत भरलेल्या बारीक नळीवरचा) वळू क्रमांक नोंदवा. पाच वर्षे कांड्या वापरून त्या सगळ्या एकाच वळूच्या निघाल्या, तर तुम्ही पुन्हा मूळ जागी आलात. राज्याच्या पशुधन विकास मंडळाकडे आणि जिल्ह्याच्या पशुसंवर्धन विभागाकडे वेगवेगळ्या वळूंच्या मात्रांची लेखी मागणी करणे हा तुमचा हक्क आहे.

नोंदवही याशिवाय चालणार नाही. प्रत्येक जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला असतोच; त्याच क्रमांकाने जन्मतारीख, आई, बाप, वेत आणि दूध लिहा. मोकाट वळू फिरत असलेल्या गावात बापाची नोंद खरी राहत नाही, म्हणून नोंदवहीबाहेरच्या गोऱ्ह्यांचे वेळेत खच्चीकरण करण्यावर ग्रामस्थांची संमती आधी घ्या. मी पाहिलेले बहुतेक गट चाऱ्यावरून नव्हे, याच मुद्द्यावरून फिसकटले. अनेक गोशाळांबाबतही अडचण इथेच आहे: जनावरांचे रक्षण होते, पण अनेक जातींची जनावरे एकत्र राहतात आणि पैदास अनियंत्रित होते.

बाप निश्चित नसेल तर डीएनए तपासणीचा पर्याय आहे. आधीच्या जनुकीय चिप (डीएनएतले अनेक फरक एकाच वेळी तपासणारी साधने) युरोपीय गायींतल्या फरकांवर बेतलेल्या होत्या, त्यामुळे आपल्या जनावरांतील विविधता त्यांत प्रत्यक्षापेक्षा कमी दिसत असे. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशिम येथे सादर झालेली ‘गौ चिप’ देशी जनावरांचा विचार करून तयार केलेली आहे. तरीही सुरुवातीला सर्व गायी तपासण्यात पैसा घालू नका. फक्त वळूंची तपासणी करून त्यांचे आपसांतले नाते पाहिले, तरी बहुतांश काम होते.

लिंगनिर्धारित रेतमात्रांबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण कोणीतरी सुचवेलच. तिच्यातून सुमारे ९० टक्के कालवडी होतात. दुधाच्या व्यवसायात ते उपयोगी आहे. ज्या जातीला वळूंचीच चणचण आहे, तिच्या नोंदवहीतल्या गायींना ती देऊ नये.

वळू गावोगावी फिरणार असतील, तर रोगही त्यांच्याबरोबर फिरतात. गावात आणण्यापूर्वी प्रत्येक वळूची ब्रुसेलोसिस, क्षय आणि जोन्स रोगासाठी तपासणी करून घ्या, आणि चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना ब्रुसेलाची लस एकदाच द्या. गोऱ्ह्यांना ती देत नाहीत. २०२२ च्या लम्पीच्या साथीने देशी जनावरेही सोडली नाहीत, त्यामुळे सगळे वळू एकाच गोठ्यात बांधण्याची सोय कितीही वाटली तरी ते पाच गावांतच विखुरलेले राहू द्या.

शेवटचा मुद्दा रेतपेढीचा. उणे १९६ अंश तापमानाच्या द्रव नायट्रोजनमध्ये रेत अनेक दशके टिकते, आणि किमान २५ वेगवेगळ्या, नाते नसलेल्या वळूंचे रेत साठवणे हे जातीसाठी योग्य संरक्षण मानले जाते. परंतु केवळ रेतावरून जात परत उभी करायची झाली, तर दुसऱ्या जातीच्या गायींवर पाच पिढ्या सलग तेच रेत वापरावे लागते आणि तेव्हा कुठे ९७ टक्के रक्त परत येते. आपल्या देशी गायीचे पहिले वेत चौथ्या-पाचव्या वर्षी होते, म्हणजे हे काम वीस ते पंचवीस वर्षांचे झाले. केरळमधील वेचूर गायीचे उदाहरण यासाठी पाहावे. १९८९ मध्ये मन्नुथी येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयातील सोसम्मा आयप आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी गावोगाव शोध घेतला, तेव्हा शुद्ध वेचूर गायी बोटांवर मोजण्याइतक्याच सापडल्या होत्या. जात वाचली, पण फार थोड्या जनावरांतून. जी विविधता त्याआधीच गेली होती, ती पुढे संख्या वाढल्याने परत येणारी नव्हती. लाल कंधारीची स्थिती आज तशी नाही. शेजारच्या तालुक्यांत नाते नसलेले वळू अजून मिळतात, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करा: येत्या हंगामात निदान चार वळू बाहेरून आणा, तुमच्या सध्याच्या वळूला वीसहून अधिक गायी देऊ नका, आणि त्याचे रेत गोठवून घेण्याबाबत विभागाला आत्ताच पत्र द्या.